सातबाऱ्यावरचं आभाळ

आईनं ड्रोन पाडला ही बातमी मला कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळली, आणि तीही एका पक्षकाराच्या तोंडून. मी परंड्याच्या कोर्टात वकिली करते. त्या दिवशी बांधाच्या एका दाव्यात पुढची तारीख मिळाली होती, म्हणजे विशेष असं काहीच घडलं नव्हतं, आणि मी कप हातात घेऊन उभी होते. तो पक्षकार जवळ आला, आधी हसला आणि म्हणाला, तुमच्या मातोश्रींनी कमाल केली की मॅडम. मला वाटलं आई कुठंतरी घसरून पडली आणि हा बाबा त्यालाच कमाल म्हणतोय. काय झालंय ते सरळ सांगा, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. तेव्हा त्यानं सांगितलं, तुमच्या शेतावरून ड्रोन चालला होता आणि आईंनी राखणीच्या माळ्यावरून गोफणीच्या एका दगडात तो खाली आणला.

मी भावाला फोन लावला. भाऊ आणि वहिनी आईसोबत गावी राहतात, शेती तोच बघतो. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "व्हय, खरं हाय. तू ये लवकर. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाय." त्याच्या आवाजात काळजी कमी आणि कौतुकच जास्त होतं. मी डगला पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली.

आईचं वय सत्तरीच्या पुढं गेलंय. आमच्या शिवारात आता ऊस आणि हरभराच फार दिसतो, पण आमच्या घरची शाळू ज्वारी काही सुटलेली नाही. ज्वारीच्या कणसात दूध भरलं की पाखरं येतात. ती हाकलायला लोक आता चकाकत्या पट्ट्या बांधतात, जुन्या साड्या लावतात, कुणी स्पीकरवर फटाक्यांचा आवाज चालू करून घरी जेवायला निघून जातो. आई या सगळ्याला एकच शब्द वापरते: आळस. शेताच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधायचा, सकाळी दंव सुकायच्या आत त्यावर चढायचं आणि दिवस कलेपर्यंत गोफण घेऊन उभं राहायचं, ही तिची राखण. भाऊ दरवर्षी सांगतो की यंदा माळा बांधणार नाही, आणि दरवर्षी तीच त्याच्याकडून तो बांधून घेते.

राखणीची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोफणीचा दगड पाखराला लागू द्यायचा नसतो. पाखरू मारायचं नसतं, वळवायचं असतं. हिवाळ्यात आमच्याकडे भोरड्या येतात, शेकड्यांनी, आणि सगळ्या मिळून एकदमच शेतावर उतरतात. थवा येताना दिसला की त्याच्या तोंडासमोर, थोडा पुढं दगड सोडायचा. दगड समोरून सूं करत गेला की अख्खा थवा एका अंगावर कलतो आणि दुसऱ्याच्या शेताकडे निघून जातो. मग त्याची राखण त्यानं करावी. दगड लागून पाखरू खाली पडलं तर राखणदाराचं गावात हसं होतं. माझ्या लहानपणी एकाच्या दगडानं साळुंकी पडली होती, तर बायका त्याच्या तोंडावर विचारायच्या, भाऊ, आज रस्सा कशाचा? आईच्या हातून इतक्या वर्षांत एकही पाखरू पडलेलं नाही. तिला दागिन्यांचं वेड नाही की माहेरच्या मोठेपणाचं. तिला हे एकच मिरवायला आवडतं.

मी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती, हातात चहा, डोईवर पदर, आणि समोर अर्धं गाव. नवरदेवाला जसं बसवतात तसं तिला बसवलं होतं. गर्दीचं कारण मला लगेच कळलं. मध्यंतरी आमच्या भागात रात्रीचे आभाळात दिवे फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली होती. कुणी म्हणे चोर टेहळणी करतात, कुणी म्हणे आणखी काही. तरणीताठी माणसं काठ्या घेऊन रानोमाळ हिंडली, पण कुणाच्या हाती काही लागलं नाही. आणि आता भर दुपारी एका म्हातारीनं एका दगडात ड्रोन खाली आणला होता. मग तो ड्रोन कुणाचा होता, कशाला आला होता, याच्याशी कुणाला काय देणंघेणं!

तो चोराचा तर नव्हताच. तो आमच्याच गावच्या महिला बचत गटाचा होता, फवारणीचा. तो चालवणारी गावातलीच एक सून, तिशीतली, बाहेरगावी राहून रीतसर शिकून आलेली. गाव तिला पायलट म्हणतं. सुरुवातीला थट्टेनं म्हणायचे, पुढं तेच नाव पडलं. आमच्या शेताच्या मागं एकाचा हरभरा आहे. त्यात घाटेअळी पडली म्हणून त्यानं तिला बोलावलं होतं. गाडीरस्ता आमच्या बाजूनं जातो, म्हणून तिनं सामान रस्त्यावर उतरवलं, औषध कालवलं आणि ड्रोन तिथूनच उडवून आमच्या ज्वारीवरून पलीकडं न्यायला घेतला. औषधाचा फवारा तेव्हा बंदच होता. पण माळ्यावर उभ्या असलेल्या आईला ते कसं कळणार? येत्या रविवारी आमच्याकडे हुरड्याला माणसं यायची होती आणि त्यासाठी राखून ठेवलेली कणसं नेमकी त्याच पट्ट्यात होती. हुरडा काही कुणी धुऊन खात नाही. आईनं पाखरांना देतात तशी आरोळी दिली. ड्रोन येतच राहिला. मग तिनं गोफण फिरवली. दगड पंख्याच्या पात्याला लागला, एक दांडी मोडली आणि ते धूड आमच्याच ज्वारीत आडवं झालं.

अंगणातल्या मंडळींना दोन गोष्टी ऐकायच्या होत्या. दगड कसा मारला हे आईकडून पुन्हा एकदा, आणि मारला ते कायद्यात बसतं हे माझ्याकडून. एकानं मला विचारलं, मॅडम, सातबारा वर कुठवर लागतो? मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्यानं निकाल दिला की खाली पाणी लागेपर्यंत आपलं आणि वर आभाळ लागेपर्यंत आपलं. तिसरा म्हणाला, मग रोज दुपारी जाणाऱ्या विमानाला टोल लावू या. यावर बराच वेळ हशा झाला. चर्चा अशी रंगात आली की मला वाटलं आता हे ग्रामसभेत ठराव करूनच उठणार.

मी त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं. जमीन आपली, आणि तिच्यावरची हवाही आपल्या वापरापुरती आपली. झाड वाढवा, माळा बांधा, वर मजला चढवा, कुणी आडवं येणार नाही. पण तेवढ्यानं त्यावरून जाणारी प्रत्येक वस्तू आपली होत नाही. कायदा ड्रोनला विमानातच धरतो, मग ते केवढंही असो. ते उडवणाऱ्यालाही नियम आहेत. ते चुकीचं उडवलं, घरात डोकावलं, औषध आपल्या पिकावर सांडलं, तर तक्रार करा, मोबाइलवर फोटो काढा, पोलिसांत जा, भरपाई मागा. जिवावरच बेतलं तर गोष्ट वेगळी. पण नुसतं आपल्या शेतावरून गेलं म्हणून पाडलं, तर ते दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान, बंदुकीनं पाडा नाहीतर गोफणीनं.

सगळ्यांचे चेहरे पडले. एक आजोबा म्हणाले, मग घरात वकील असून उपेग काय? मला रागच आला. मी म्हटलं, कायदा करताना मला कुणी विचारलं नव्हतं. वहिनीनं घाईघाईनं चहाचा दुसरा हप्ता काढला म्हणून तो विषय तिथं थांबला.

गर्दी पांगल्यावर मी आईला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि पक्षकाराला विचारावं तसं विचारलं. वस्तूच्या नुकसानीच्या गुन्ह्यात हेतू बघतात. पाडायच्या इराद्यानंच मारला का, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आई चुलीपाशी टेकली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पाडायचा न्हवता गं. म्या म्होरं टाकला. थवा वळतो तसं वळंल वाटलं. त्ये येडं वळलंच न्हाय, सरळ जाऊन दगडावर आदळलं."

मला एवढा आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. इतकी वर्षं वकिली केली, पण इतका स्वच्छ बचाव माझ्या हाती कधी आला नव्हता. पाखरं वळवायच्या रीतीनं दगड सोडला, यंत्राला भीती नाही म्हणून ते वळलं नाही, हेतू शून्य. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू. आईनं माझं मनगट धरलं. ह्यातलं एक अक्षर भाईर जाता कामा न्हाय, म्हणाली. मी कारण विचारलं तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू हिला शिकवलं ते वायाच गेलं. म्हणाली, गाव म्हणतंय नेम धरून पाडला. आता मी सांगत सुटू का, की चुकून लागला? उद्या मला बायका विचारतील, रस्सा कशाचा केला म्हणून. कोर्टात उभं केलंस तरी चालेल, पण दगड चुकून लागला असं माझ्या नावावर बोलायचं नाही.

मी कपाळाला हात लावला. निर्दोष ठरावं म्हणून माणसं माझ्यापुढं काय काय बोलतात, ते मी रोज ऐकते. दोषी ठरले तरी चालेल, पण निर्दोष म्हणू नका, असं सांगणारी ही पहिलीच, आणि ती नेमकी माझी आई. मी चिडून जेवले नाही. ती मात्र पोटभर जेवली.

पोलिसांपर्यंत ते प्रकरण गेलं नाही, याचं श्रेय मी स्वतःकडे घेते. हरभऱ्याचा मालक दुसऱ्या दिवशी तणतणत आला. अळी घाटे पोखरत होती, फवारणी अडली होती, आणि तो म्हणत होता की मी फिर्यादच देतो. मी म्हटलं, जरूर द्या, कायदा तुमच्या बाजूचा आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की फिर्याद दिली की ड्रोन मुद्देमाल म्हणून जमा होईल आणि निकालापर्यंत ठाण्याच्या आवारात पडून राहील. तोवर तुमच्या अळीची नातवंडं उडायला लागतील. त्यानं थोडा वेळ बांधावर बसून विचार केला, मग घरी गेला आणि पाठीवरचा पंप काढून स्वतःच फवारायला लागला. भावानं बार्शीहून माणूस बोलावून ड्रोनची दांडी आणि पातं बदलून दिलं. यंत्र पहिल्यासारखं झालं, आणि मला वाटलं सुटलो.

पण पायलट सुटली नव्हती. गटाचा एक नियम होता. कुणाच्या उभ्या पिकावरून ड्रोन न्यायचा तर आधी त्याला विचारायचं. न विचारता नेला आणि त्या शेतकऱ्यानं तक्रार केली, तर ड्रोन दुसऱ्या बाईच्या ताब्यात द्यायचा. आणखी एकजण शिकून तयारच होती. आणि इथं तर शेतकऱ्यानं नुसती तक्रार नव्हती केली, ड्रोनच खाली पाडला होता. शनिवारी गटाची बैठक ठरली आणि आईला निरोप आला की तुम्ही या, तुमचं म्हणणं मांडा.

त्या शनिवारी कोर्टाला सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशी हुरडा, म्हणून मी सकाळीच गावी आले होते. आईला भाकरी घेऊन शेतात गेले तर मागून पायलटही आली. एकटीच. अंगात तिचा तो गटाचा निळा कोट नव्हता, साधी घरची साडी होती. ती माळ्याखाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "आत्याबाई, माझं चुकलं. तुमी माळ्यावर दिसत हुतावं. निस्ता हात वर करून इचारलं असतं तरी झालं असतं. माझं ध्यान समदं हरभऱ्याकडं."

आई हळूहळू खाली उतरली, गाठोड्याशी बसली आणि तिलाही बस म्हणाली. भाकरीचा अर्धा तुकडा पुढं केला. मग त्या पोरीनं आपलं सांगितलं. रडली नाही, जशी आहे तशी हकीकत सांगितली. ड्रोन यायच्या आधी घरात तिचं बोलणं कुणाच्या कानावर पडत नव्हतं. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत, आणि पाहुणे गेले की भांड्यांपाशी. आता गावोगावचे शेतकरी तिला फोन करतात. सासरा, ज्यानं लग्नानंतर कैक वर्षं तिच्याशी सरळ बोलणं केलं नाही, तो सकाळी उठून ड्रोनच्या बॅटरीची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवतो आणि कुठल्या गावाला चाललीस ते विचारतो. ड्रोन पडल्यापासून त्यानं पुन्हा विचारणं बंद केलं होतं. ड्रोन दुसरीला गेला तर काय होईल, हे तिनं सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. मला तिची फार दया आली, आणि नियम करणाऱ्यांचा, पाळणाऱ्यांचा, माझ्या आईच्या त्या नेमाचा, सगळ्यांचाच राग आला.

आईला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. तिनं विचारलं, त्याला दगड दिसत न्हाय व्हय?

पायलट म्हणाली, त्याला कशाला काय दिसतंय, मी बघती तेवढंच. दिवसभर बांधावर उभं राहून वर बघत ऱ्हायचं, डोळं खाली आणलं की गेलंच. बोलता बोलता तिचा हात आपोआप मानेमागं गेला.

"मान धरती का?" आईनं विचारलं.

"लई."

आईच्या गाठोड्यात तेलाची बाटली असतेच. माळ्यावर दिवसभर वर बघून तिचीही मान धरते, हे मी लहानपणापासून बघतेय. संध्याकाळी ती आमच्याकडून चोळून घ्यायची आणि जोर कमी पडला की ओरडायची. तिनं पायलटला पाठमोरं बसवलं, तेल तळहातावर घेतलं आणि तिची मान चोळायला लागली. पोरगी आधी अवघडली, मग तिनं डोळे मिटले. वरून भोरड्यांचा एक थवा आला. आईचे हात तेलकट, म्हणून मीच उठून डबा वाजवला, तर दोघीही मला हसल्या. थवा उतरलाच, आणि आईनं उतरू दिला.

पायलट गेल्यावर मी आईला म्हटलं, आता तरी बैठकीत खरं काय ते सांग. तू मला सांगितलंस तेच तिथं सांग, म्हणजे तक्रारच उरत नाही. ती गोफण गुंडाळत होती. म्हणाली, तू गप. मी गप बसले, पण मनातून धुमसत होते. गावात आठवडाभर माणसं तिला वाटेत थांबवत होती, जावई सासुरवाडीला आलेत तर त्यांनाही आणून दाखवत होती, ह्याच त्या ड्रोनवाल्या. तिला ते आवडत होतं. का आवडू नये? आयुष्यभर भल्या पहाटेपासून राबलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी ओट्यावर बसवून चहा दिला होता. ते सगळं आपल्या हातानं कोण टाकून देईल, असं मला वाटत होतं.

बैठक महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात भरली. आत गटाच्या बायका, आणि बाहेर पायऱ्यांवर पुरुष. गटाच्या बैठकीला एरवी एकही पुरुष फिरकत नाही, पण त्या दिवशी ड्रोन होता. त्यांच्यात दोघं-तिघं जुने राखणदारही होते, आईच्याच वयाचे, ज्यांच्या शेतात आता ऊस उभा आहे आणि ज्यांच्या गोफणी कधीच्याच अडगळीत गेल्या आहेत. पायलटचा सासरा पायऱ्यांखालच्या खांबाला टेकून उभा होता. पायलट एका कडेला बसली होती, नजर गुडघ्यांवर.

गटाच्या अध्यक्षीण बाई मुद्द्याच्या. त्यांनी नियम वाचला नाही, तोंडानंच सांगितला, आणि आईकडं वळल्या. म्हणाल्या, आत्याबाई, तुम्ही सांगाल ते. न विचारता आली म्हणून तुम्ही ड्रोन पाडला, म्हणजे आम्ही तुमची तक्रार आहे असंच धरतो. मागून कुणीतरी म्हणालं, एका दगडात. दोघी-चौघी हसल्या.

आई उठून उभी राहिली. बसूनही बोलता आलं असतं, पण ती गुडघ्यावर हात ठेवून उठलीच.

"माझी तक्रार न्हाय," ती म्हणाली. "पोरीनं इचारलं न्हाय, ती तिची चूक. ती तिनं माझ्याकडं येऊन कबूल केली, मिटलं त्ये. पर ड्रोन पडला त्यो म्या पाडला न्हाय. म्या पाडायला दगड टाकलाच न्हवता. माझा नेम चुकला."

पायलटनं मान वर केली. मी आईच्या मागं बसले होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

पायरीवरच्या एका जुन्या राखणदाराला ते पटेना. तो म्हणाला, "म्हंजी तुमी नेम धरून मारला न्हाय म्हन्ता?"

"न्हाय," आई म्हणाली. "चुकला."

तिनं ते दुसऱ्यांदाही तितक्याच स्पष्ट आवाजात सांगितलं. मग ती खाली बसली. अध्यक्षीण बाईंनी तक्रार नाही म्हणजे ड्रोन पायलटकडंच राहील, फक्त इथून पुढं शेजारच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय उडवायचा नाही, असं सांगून पुढचा विषय घेतला. पायलटचा सासरा खांबापासून सरळ झाला, पायऱ्या चढून आत आला आणि सुनेला विचारलं, उद्या कुठल्या गावाला जायचंय? तिनं गावाचं नाव सांगितलं. तो बरं म्हणाला आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावतो म्हणून निघून गेला. मी इतकी खूश झाले की मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

बैठक संपून आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. आठवडाभर हीच वाट चालायला आईला दुप्पट वेळ लागायचा, कारण दर चार घरांनी कुणीतरी थांबवून दगडाची गोष्ट विचारायचं. आज कुणी विचारलं नाही. माणसं रामराम म्हणत होती आणि आपल्या कामाला लागत होती. हॉटेलापाशी तोच जुना राखणदार चहा पीत बसला होता. त्यानं आईला हाक मारून समजुतीच्या सुरात सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, वयानं हात हलतो, आमचाबी हलतो. मला संताप आला. मी त्याला दोन शब्द सुनावणारच होते, पण आईनं माझा हात दाबला. व्हय, वय झालं आता, असं म्हणून ती पुढं निघाली.

घराच्या वळणापर्यंत मी कसंबसं धरून ठेवलं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, तू बैठकीत बोललीस ते चांगलंच केलंस, पण हे म्हातारे काय समजतायत बघ. नेम कुठं चुकला तुझा? तू समोर टाकलास, दगड समोरच गेला, बोटभरही इकडं-तिकडं नाही. ड्रोन वळला नाही, त्याला तू काय करणार? एवढंच सांगितलं असतंस, तर तुझा नेमही राहिला असता.

आई थांबली. दम लागला होता म्हणून तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला.

"आन् त्यो वळवायचा कुणी हुता?" ती म्हणाली.

वळवायचा पायलटनं होता, आणि तिचा सासरा तिथं ऐकत उभा होता. तिच्या हाताला अजून तेलाचा वास येत होता. खांद्यावरचा तो हात मी तसाच राहू दिला, आणि आम्ही दोघी हळूहळू घराकडं चालत राहिलो.